अर्धा कोयता

आमच्या भागात माणसं मोजायचं एक वेगळंच माप आहे. मुकादम गावात येतो तेव्हा 'किती माणसं येणार?' असं विचारत नाही, 'किती कोयते?' असं विचारतो. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक वेळा नवरा-बायको. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची, हे सगळं जोडीनं. उचल ठरते तीही जोडीची. जोडीतलं एक जण घरी राहिलं, तर जो जातो तो 'अर्धा कोयता'.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तशीच राहतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पलीकडं कर्नाटकातलं बेळगाव. या जाणाऱ्यांबद्दल बातम्या येतात, अहवाल निघतात. मला लिहायचंय ते मागं राहणाऱ्यांबद्दल. कारण गाव रिकामं झालं असं आपण म्हणतो तेव्हाही तिथं म्हातारी माणसं असतात, शाळेतली लेकरं असतात, अंथरुणाला खिळलेले असतात. आणि त्यांना सांभाळायला कुणीतरी थांबलेलं असतं.

आम्हा पाच भावंडांना, म्हणजे सख्ख्या-चुलत धरून, आजीनं सांभाळलं. आई-दादा आणि काका-काकू सहा महिने फडावर असायचे. त्या सहा महिन्यांत आजी आमची आई, बाप, शाळेतली पालक आणि ताप आला तर डॉक्टरही. पहाटे उठून पाच डबे. तिला वाचता येत नव्हतं, पण पोरगं अभ्यास करतंय की नुसतं पुस्तक उघडून बसलंय, हे तिला बरोबर कळायचं. एकेका घरातल्या अशा आजीच्या जिवावर दोन-दोन कोयते बाहेर पडतात. साखरेच्या हिशेबात तिचं नाव कुठंच येत नाही.

२०१७ च्या श्रावणात आजीच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणली तेव्हा दसरा दीड महिन्यावर होता. रात्री ओसरीत बसून दादांनी हिशेब मांडला. आजीजवळ कुणीतरी थांबायला पाहिजे. काकांचा कोयता थांबू शकत नव्हता, त्यांची मागच्या वर्षीची उचल फिटायची होती. मी नुकताच पुण्याला नोकरीला लागलो होतो, तिथून महिन्याला येणारे पैसे आधीच हिशेबात धरलेले होते. उरल्या दोघी. आई, नाहीतर माझी धाकटी बहीण. बहीण नववीत होती. 'एक वर्ष शाळा बुडाली तर काय होतंय' असं भावकीतलं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

आई इतका वेळ चुलीपाशी गप्प होती. ती म्हणाली, "आवो, कोयता मोडला तर मोडू द्या. पोरीची साळा मोडायची न्हाई."

त्या वर्षी दादा अर्धा कोयता म्हणून गेले. उचलही अर्धी आली. पुढचे तीन हंगाम असेच गेले.

सांभाळण्याला पैशात किंमत असते, हे मला 'अर्धा कोयता' या शब्दानं शिकवलं. शहरात एखादी बाई सासूसाठी नोकरी सोडते तेव्हा लोक म्हणतात, 'तिनं घर निवडलं.' किती पगार गेला ते कुणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडं मुकादमाच्या वहीत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पूर्ण कोयत्याची रक्कम वर, अर्ध्याची खाली. मधला फरक म्हणजे माझ्या आईची चार वर्षं.

त्या चार वर्षांत आई काय करत होती, हे सांगायला गेलं तर चार ओळीत संपतं आणि करायला गेलं तर दिवस पुरत नाही. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना, खांद्याला जखमा होतात. गिळायला त्रास असेल तर पाणीसुद्धा चमच्यानं, डोकं उचलून, घाई न करता. धडपे बदलणं, धुणं, वाळवणं. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून चुलीवर शेकणं. लुळा हात आखडू नये म्हणून रोज बोटं उघडून-मिटून व्यायाम. आणि यातल्या कशालाच रविवार नाही.

कौतुकाची मात्र कमी नव्हती. येणारा-जाणारा म्हणायचा, "म्हातारीनं पुण्य केलं म्हणून अशी सून मिळाली." लग्नात, वास्तुशांतीत, पारायणात आईचं नाव निघायचं. एका वर्षी महिला दिनाला गावात कार्यक्रम झाला, तिला शाल आणि श्रीफळ जाहीर झालं. ती गेली नाही, कारण तेवढा वेळ आजीजवळ बसायला कुणी नव्हतं. सगळ्या बायका सत्काराला गेल्या होत्या. संध्याकाळी कुणीतरी शाल घरी आणून दिली. आईनं ती चार पदरी दुमडून आजीच्या गुडघ्यांखाली ठेवली. म्हणाली, चांगली जाड आहे.

मला त्या शाल देणाऱ्यांना हसायचं नाही. त्यांना मनापासून वाटलं होतं. प्रश्न असा की, सांभाळणाऱ्या माणसाला 'माऊली' म्हटलं की आपल्याला काहीतरी दिल्यासारखं वाटतं आणि त्याच्या घरी मात्र त्या दिवशीही धडपे तितकेच असतात. उलट माऊली झालेल्या बाईला 'मी थकले' म्हणायची चोरी होते. देवानं कधी सुट्टी मागितल्याचं कुणी ऐकलंय का?

मदत जिला म्हणता येईल ती एका वेगळ्याच बाजूनं आली. आमच्या शेजारी एक नानी राहायच्या, साठीच्या. त्यांनी आईचं कधी कौतुक केलं नाही. 'हडकली किती गं तू' एवढंच म्हणायच्या. एका बाजाराच्या दिवशी त्या सकाळीच आल्या, पायरीवर चपला काढल्या आणि म्हणाल्या, "जा गं बाजारला. मी बसते म्हातारीपशी. च्या पी कुठंतरी. घाई करू नको."

त्यानंतर दर बाजाराला नानी यायच्या. दोन तास. आजीला त्या जुन्या गोष्टी सांगायच्या, दुष्काळातल्या, सुकडीच्या, रोजगार हमीवर खडी फोडल्याच्या. आजीला बोलता येत नसे, पण ती हुंकार द्यायची. आई बाजारातून कधी मेथीची जुडी आणायची, कधी काहीच आणायची नाही. मी एकदा विचारलं, दोन तास करतेस काय? ती म्हणाली, "त्या दोन घंट्यात मला कुणी हाक मारत न्हाई."

नानींनी केलं त्याला आपल्याकडं जुना शब्द आहे, पाळी. सामाईक विहिरीवर मोटर कुणी कधी चालवायची याची पाळी ठरलेली असते. एक-एक बैल असलेले दोघे शेतकरी सावड करतात, बैल जोडून आळीपाळीनं दोघांची रानं नांगरतात. पाण्याची पाळी चुकली तर भाऊ भावावर कुऱ्हाड उगारतो, इतकी ती पक्की. पण त्याच घरात आजारी माणसाची पाळी कुणी लावत नाही. ती एकाच माणसाच्या अंगावर पडते आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असतं.

हे आमच्याच घरात घडतं असं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका रोज घरातल्या कुणाची तरी काळजी घेताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. काळजी घेणाऱ्यांतही बाईचे दिवसाला सरासरी १४० मिनिटं जातात आणि पुरुषाचे ७४. स्वयंपाक, धुणंभांडी यात धरलेलं नाही, ते वेगळं.

आणि सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं शरीर? बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. माझी आई त्यातलीच एक. तिशीतच ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून कंबर धरलेली. त्याच कमरेनं ती आजीला उचलायची. तपासायला चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मग हिच्यापशी कोण?" हा प्रश्न ज्या घरात आहे, त्या घरातला दुसरा आजारी माणूस कोण असणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी दोन दिवस आधी गावी पोचलो होतो. दादा कारखान्यावर अडकले होते. एप्रिलच्या मध्यात सरकारनं ऊसतोड कामगारांना परतायची परवानगी दिली, तेव्हा ते आले. मधल्या काळात रात्रीची पाळी मी घेतली. मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला. आईनं शिकवलं तसं आजीच्या खाली आडवं घातलेलं धडपं दोन्ही हातांत धरायचं आणि माणूस न ओढता धडपं ओढायचं, म्हणजे कातडी घासत नाही. पाठीमागं उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पहिल्या आठवड्यात मी दिवसा उभ्या-उभ्या झोपायचो. आजीला धुताना सुरुवातीला ती डोळे मिटून घ्यायची. नातवानं धुवायचं हे तिला सोसत नव्हतं. मग मी त्या वेळेला मोबाइलवर कीर्तन लावायला लागलो. तिचं लक्ष तिकडं, माझं कामाकडं. आमचं जमलं.

या कामात कसब आहे, हे मला तेव्हा कळलं. उचलायचं कसं, भरवायचं कसं, शरम कशी राखायची, रागावलेल्या माणसाशी बोलायचं कसं. 'बायकांना उपजतच येतं' असं म्हणतात, ते खरं नाही. आईलाही कुणी तरी नाही तर अनुभवानंच शिकवलं होतं. आणि जे शिकता येतं, ते कुणालाही शिकता येतं. एका घरातल्या पुरुषालाही.

त्याच दिवसांत गावातल्या आशाताई घरोघर फिरत होत्या. बाहेरून आलेल्यांची नावं लिहायची, ताप तपासायचा, शिव्याही खायच्या. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा. गरोदर बाईपासून क्षयरोग्याच्या गोळ्यांपर्यंत सगळं तिच्याकडं, पण तिला पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्यानंतर दीड वर्षातच, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. वाढीचं आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघेना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप, मग मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम. मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीचा निर्णय झाला. पुरस्कार घरबसल्या मिळाला, पैशासाठी मैदानात झोपावं लागलं.

पुण्यात परत आल्यावर मला ही साखळी आणखी लांब दिसायला लागली. मी राहतो त्या सोसायटीत वृद्धांना सांभाळायला बाया येतात. ब्युरोतून, बारा-बारा तासांच्या पाळीवर. लिफ्टमध्ये बोलण्यावरूनच ओळखू येतं, ही परभणीची, ही लातूरची. एक आमच्याच जिल्ह्यातली निघाली. नव्वदीच्या एका आजोबांना ती सांभाळते. तिची दोन लेकरं गावी तिच्या आईजवळ. आईला दम्याचा त्रास, म्हणून मोठी पोरगी शाळा बुडवून आजीजवळ थांबते. म्हणजे पुण्यातल्या आजोबांना वेळेवर गोळी मिळते, तिचं दुसरं टोक गावातल्या एका शाळकरी पोरीच्या हातात आहे. त्या सोसायटीत सगळे त्या बाईला 'अगदी घरच्यासारखी' म्हणतात. घरच्यासारखी म्हणजे सुट्टी न मागणारी.

सरकार काय करतं? आजारी, वृद्ध माणसासाठी काही आहे. संजय गांधी निराधार योजना आहे, श्रावणबाळ योजना आहे, २०२३ मध्ये रक्कम महिना १,५०० रुपये झाली. 'श्रावणबाळ' हे नाव बघा. कावड खांद्यावर घेणाऱ्याच्या नावानं योजना, पण पैसे कावडीत बसलेल्यांना. त्यांना मिळावेत, याबद्दल वादच नाही. फक्त खांद्याचा विचार त्यात कुठंच नाही.

केरळमध्ये तो थोडा झालाय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला तिथं 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना ६०० रुपये ठरलेत. रक्कम किरकोळ आहे, पण यादीत नाव सांभाळणाऱ्याचं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गेली वीसेक वर्षं साधे लोक, शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी, थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतल्या आजारी माणसांकडं जातात. बांधिलकी किती, तर आठवड्याला किमान दोन तास. पुढं २००८ मध्ये तिथल्या सरकारनं यावर धोरणच आणलं आणि ग्रामपंचायतींना त्यात जोडून घेतलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आठवड्याला दोन तास म्हणजे आमच्या नानींचा बाजाराचा दिवस. फरक इतकाच की, तिथं त्याची व्यवस्था झाली आणि आमच्याकडं ते एका बाईच्या चांगुलपणावर राहिलं.

बीडमध्ये माणुसकी कमी आहे असं कुणी म्हणू नये. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन आहे, तिथं ऊसतोड मजुरांची, अनाथ लेकरं शिकतात. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी इन्फंट इंडिया उभी केली. लोक तिथं जातात, वाढदिवस साजरे करतात, देणग्या देतात. द्यायलाच पाहिजेत. फक्त संस्थेला पाटी असते, रस्ता विचारला तर लोक दाखवतात. आपल्याच गल्लीतल्या तिसऱ्या घरात तेच काम एकटी करणारी बाई असते आणि तिच्या दाराला पाटी नसते.

आजी २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेली. शेवटपर्यंत तिच्या पाठीला एक जखम नव्हती. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी ते मुद्दाम बोलून दाखवलं. आईला मिळालेलं तेवढं एकच प्रमाणपत्र मला खरं वाटतं. त्यानंतर कितीतरी महिने आई रात्री दर दोन तासांनी उठून बसायची. ऑक्टोबरात ती पुन्हा दादांबरोबर फडावर गेली, पूर्ण कोयता होऊन, त्याच कमरेनं. चार वर्षांत चढलेलं कर्ज होतं. बहीण मात्र दहावी झाली, बारावी झाली, आता नर्स आहे.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेक जण माझ्याच वयाचे असाल, गावापासून लांब, फोनवरून घर चालवणारे. घरी कुणी अंथरुणाला असेल तर आपण फोन करून पहिलं विचारतो, 'आजोबा कसे आहेत?' पुढच्या वेळी सांभाळणारीला विचारा, 'तू रात्री किती झोपलीस?' भावंडांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच, त्यावर सुविचारांऐवजी पाळ्या टाका. कोण कुठल्या आठवड्यात गावी जाणार, हवेच्या गादीचे पैसे कोण देणार, आईला तपासायला कोण नेणार, तारखेसकट. गावी गेलात की पाहुण्यासारखं खुर्चीवर बसू नका. एक रात्र मागून घ्या. सुरुवातीला ती देणार नाही, 'तुला जमायचं नाही' म्हणेल. शिकव म्हणा. तुमच्या घरी मावशी येत असतील तर त्यांना आठवड्याची सुट्टी पगारासकट द्या आणि त्या दिवशीचं काम स्वतः करा. सुट्टी का लागते, ते एका दिवसात कळतं.

गेल्या वर्षी नानींच्या नवऱ्याचा खुबा मोडला. त्यांचं वय बघता पुन्हा उभे राहतील असं वाटत नाही. आईनं आता फडावर जाणं बंद केलंय. बाजाराच्या दिवशी सकाळी ती नानींच्या घरी जाते. फोनवर मी म्हणालो, किती मोठं काम करतेस गं तू. ती म्हणाली, "मोठं कशाचं? मपली पाळी हाय."